‘तू कोना पोऱ्या शे?’ : खान्देशातल्या एका कायरोप्रॅक्टरला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यात कंबर-मानेच्या दुखण्यावर हाताने उपचार करणारा दवाखाना टाकल्यापासून लोक मला जे विचारतात, ते इथे एकत्र लिहून काढलं आहे. काही प्रश्न बाजारात विचारलेले, काही लग्नाच्या पंगतीत, आणि बरेचसे टेबलावर पालथं पडल्यावर. माणूस पालथा पडला, तोंड दिसेनासं झालं, की मोकळा बोलतो.

तुम्ही मूळचे कुठले? कोणाचे?

पहिला प्रश्न कायम हाच असतो. म्हातारी माणसं सरळ अहिराणीत विचारतात, ‘तू कोना पोऱ्या शे?’ मी चोपडा तालुक्यातला, तापीच्या उत्तरेकडच्या एका लहान गावातला. घरची शेती केळी आणि कापसाची. वडील आणि काका अजून शेतातच असतात. गावाचं नाव सांगितलं की पुढचा दुवा लगेच निघतो. कोणाची आत्या आमच्या गावात दिलेली असते, कोणाच्या मामाने आमच्याकडून केळीची खोडं नेलेली असतात. मग रुग्ण खुर्चीत जरा मागे टेकून बसतो. त्याला माणूस ओळखीचा झाला.

हे विचारणं मला आवडतं. ज्याच्या हाती आपली कंबर द्यायची, तो कोण हे कळायलाच हवं. पण बहुतेक जण एवढ्यावरच थांबतात, याचं मला वाईट वाटतं. ‘काय शिकलास, कुठे शिकलास’ आणि ‘हात लावायच्या आधी काय तपासतोस’ हे दोन प्रश्न त्याच दमात यायला हवेत. ते फार थोडे जण विचारतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे सविस्तर देतो आहे.

तुमची आजी पायाळू होती म्हणे. विद्या तिच्याकडूनच आली का?

आजी पायाळू होती हे खरं. जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते, असं आपल्याकडे मानतात. माझ्या लहानपणी दिवस उगवायच्या आत आमच्या ओट्यावर दोन-तीन माणसं कंबर धरून उभी असायची. कोणी आदल्या दिवशी केळीचे घड वाहिलेले, कोणी बैलगाडीचं चाक उचललेलं. आजी डाव्या पायाने पाठीवर हलकेच तीनदा दाबायची, तिळाचं तेल चोळायची आणि रुईचं पान शेकून बांधायची. पैसे घेतले नाहीत तिने कधी.

आज मला त्यातलं काय पटतं? शेक, तेल आणि कोणीतरी आपल्या दुखण्याकडे लक्ष दिलं याचा धीर, या तिन्ही गोष्टींनी ताठरलेला स्नायू सैल पडतो. साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआपही उतरते. पायाळूपणात औषध आहे असं मी मानत नाही. पण आजीची एक गोष्ट मी उचलली. झाडावरून पडलेला माणूस आला, पोटुशी बाई आली, किंवा कोणाचा पाय बधिर पडलेला असला, की ती पाय लावायची नाही. ‘हाई मन्हं काम नही,’ म्हणायची आणि त्यांना चोपड्याला पाठवायची. तिला शरीररचना माहीत नव्हती, पण आपला हात कुठे थांबवायचा हे माहीत होतं.

हात मात्र आजीकडून आलेला नाही. तो शिकून, घोटून आला आहे.

कायरोप्रॅक्टिक म्हणजे नेमकं काय?

ग्रीक भाषेत ‘खेइर’ म्हणजे हात आणि ‘प्राक्सिस’ म्हणजे काम. हाताने केलेलं काम, एवढाच शब्दाचा अर्थ. आम्ही मणके, सांधे, त्यांच्याभोवतीचे स्नायू आणि नसा तपासतो. जो सांधा अडकल्यासारखा ताठ झालाय त्याला नेमक्या जागी, नेमक्या दिशेने, वेगवान पण अगदी थोड्या अंतराचा झटका देतो. त्याला ॲडजस्टमेंट म्हणतात. त्याच्या जोडीला व्यायाम, उठण्याबसण्याच्या सवयी आणि कामाची पद्धत बदलणं असतं. माझ्या मते या जोडीच्या गोष्टींचंच वजन जास्त आहे. औषधं मी लिहून देत नाही, शस्त्रक्रिया करत नाही.

हे आपलं आयुर्वेदातलं आहे की बाहेरचं?

बाहेरचं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीकाठच्या डॅव्हनपोर्ट गावात, १८९५ साली डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या माणसाने याची सुरुवात केली. पामरचा दवाखाना होता त्या इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्डला ऐकू येत नव्हतं. पामरने त्याच्या पाठीचा एक मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, अशी ती मूळ कथा. मी ती कथा म्हणूनच सांगतो. ऐकण्याची नस पाठीतून जात नाही, आणि बहिरेपण घेऊन माझ्याकडे कोणी आलं तर मी कानाच्या डॉक्टरांकडेच पाठवतो. सगळे रोग मणक्यातून निघतात, असं पामरचं म्हणणं होतं. ते टिकलं नाही. कंबर आणि मान यांच्या दुखण्यापुरतं जे टिकलं, तेवढंच मी करतो.

१९०६ साली परवान्याशिवाय उपचार केल्याबद्दल पामरला तुरुंगातही जावं लागलं. अमेरिकेत या व्यवसायाचा कायदा आधी कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये केला, आणि शेवटचं राज्य लुइझियाना, तिथे १९७४ उजाडलं. ब्रिटनमध्ये १९९४ साली कायदा झाला.

तुम्ही काय शिकलात, किती वर्षं लागली?

बारावी विज्ञान चोपड्यातून. नंतर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची फिजिओथेरपीची पदवी, चार वर्षं आणि वर सहा महिने इंटर्नशिप. राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे माझी नोंदणी आहे आणि तिचं प्रमाणपत्र दवाखान्याच्या भिंतीवर लावलेलं आहे. ते लोकांनी वाचावं म्हणून लावलंय. त्यानंतर मलेशियात, क्वालालंपूरला, कायरोप्रॅक्टिकची चार वर्षांची पदवी.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली या शिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नव्याने पूर्ण शिक्षण घेणाऱ्यासाठी त्यात कमीत कमी ४,२०० तासांचं अध्यापन सांगितलंय, आणि त्यातले निदान १,००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्ण तपासण्याचे. हा आकडा लक्षात ठेवा. दोन दिवसांच्या शिबिरात ‘कायरो’ शिकून आलो असं कोणी सांगितलं, तर तो आणि हा आकडा शेजारी शेजारी मांडून बघा.

वर्गात काय चालायचं, तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं आम्ही चार वर्षं नुसती हाडंच मोडत होतो. पहिली दोन वर्षं शरीररचना, शरीरक्रिया, रोगशास्त्र, नसांचा अभ्यास, एक्स-रे वाचणं. पाठीचे ३३ मणके. त्यातले मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ हलणारे, खालचे जुळलेले. त्यातला प्रत्येक मणका डोळे मिटून बोटाने ओळखता यायला हवा. आम्ही एकमेकांच्या पाठीवर खडूने खुणा करायचो आणि सर येऊन त्या पुसून पुन्हा करायला लावायचे. झटका द्यायचा तर दूरच. कित्येक महिने नुसतं हात कुठे ठेवायचा, स्वतः कसं उभं राहायचं, समोरच्याच्या श्वासाबरोबर ताण कसा घ्यायचा आणि मग न दाबता हात कसा काढून घ्यायचा, एवढंच. माझ्या हाताला घाई होती. शेतातला हात, जोर लावायची सवय. सर म्हणायचे, तुझ्याकडे ताकद आहे, आता ती कमी कर. ती कमी करायला मला वर्ष लागलं.

शेवटच्या वर्षी कॉलेजच्या दवाखान्यात रुग्ण बघायचे. तिथे नियम असा की तपासणीचा कागद आधी शिक्षकाला दाखवायचा, त्यांची सही झाल्यावरच रुग्णाला हात लावायचा. ती सवय अंगात मुरली. आज सही करणारं कोणी नाही, पण कागद पुरा झाल्याशिवाय मी टेबलाकडे जात नाही.

मग तुम्ही डॉक्टर आहात का?

एमबीबीएस डॉक्टर नाही. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळा कायदा किंवा वेगळी परिषद नाही. म्हणजे उद्या कोणीही पाटी लावली तर ती पाटी तपासणारी यंत्रणा या नावाची नाही. म्हणून मी फिजिओथेरपीची नोंदणी आधी दाखवतो, परदेशी पदवी नंतर. गावात लोक ‘डॉक्टर’च म्हणतात. वयाने मोठी माणसं ‘जिभाऊ’ म्हणतात, मला ते जास्त बरं वाटतं.

तो ‘कट्’ आवाज कशाचा? हाड जागेवर बसतं का?

नाही. हाड जागेवरून सुटलेलंच नसतं. सुटलं असतं तर तुम्ही चालत आला नसता. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचे दोन भाग झटक्याने किंचित दूर झाले की आतला दाब उतरतो आणि वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. बोटं मोडताना होतो तोच. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एमआरआयच्या आत बोट ओढून हे चित्रित केलं. तोच सांधा लगेच पुन्हा वाजत नाही, साधारण वीस मिनिटं जावी लागतात.

आवाज आला म्हणजे गुण आला, असं नसतं. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून आलेल्यांना आवाज हवाच असतो. नाही आला तर पैसे वाया गेल्यासारखं वाटतं त्यांना. काही रुग्णांत मी झटका देतच नाही, नुसतं हळूहळू ताणतो, आणि त्यांनाही तेवढाच आराम पडतो.

‘मणक्यात गॅप आली’ असं सांगितलंय. ती भरून देता का?

हा शब्द आपल्याकडे इतका पसरलाय की लोक एमआरआयची पिशवी टेबलावर ठेवून ‘गॅप’ एवढंच म्हणतात. दोन मणक्यांमध्ये चकती असते, गादीसारखी. वयाने आणि कामाने तिच्यातलं पाणी कमी होतं, ती बसते. म्हणजे खरं तर मणक्यांमधलं अंतर घटलेलं असतं, वाढलेलं नसतं. त्यामुळे भरण्यासारखं काही नाही, आणि कोणी भरून देतो म्हणाला तर उठून या.

आणखी एक सांगतो, कारण याने झोप उडालेली माणसं मी रोज बघतो. ज्यांना काहीच दुखत नव्हतं अशा लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये आला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. चित्रातली झीज म्हणजे केस पिकण्यासारखं आहे. सरकलेली चकतीसुद्धा पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आक्रसते. चित्राकडे मी बघतोच, पण आधी तुम्ही उठता कसे, वाकता कसे, पायात ताकद किती, ते बघतो.

पहिल्या दिवशी काय होतं?

पाऊण तास लागतो, त्यातला अर्धा बोलण्यात जातो. दुखणं कधी, कसं सुरू झालं, रात्री उठवतं का, ताप, वजन, औषधं, जुनी पडझड. मग चाल, वाकणं, पायातली ताकद, संवेदना, गुडघ्यावर हातोडी. सैल कपडे घालून या. बायांनी पंजाबी ड्रेस घातला तर सोपं जातं, नऊवारी असली तरी अडत नाही. सोबत कोणालाही आत आणा. माझी बायको दवाखान्यातच असते, बाईमाणूस एकटी आली तर ती तपासणीच्या वेळी खोलीत थांबते.

कोणाला तुम्ही हात लावत नाही?

लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटलाय, किंवा बैठकीची जागा बधिर झालीये, असं असेल तर माझ्याकडे येऊच नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा, त्याच दिवशी. पायाची ताकद दिवसागणिक कमी होत असेल तरी तेच. पडल्यावर, अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, पूर्वी कर्करोग झालेला, वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेली, हाडं ठिसूळ झालेली म्हातारी माणसं, यांना झटका नाही.

आणि क्षय. संध्याकाळचा बारीक ताप, उतरणारं वजन, रात्रीचा घाम आणि एकाच जागी धरलेली पाठ. इथे मला माझी चूक सांगायची आहे. दवाखान्याचं पहिलंच वर्ष. चाळिशीतला शेतमजूर आला, पाठ दुखते म्हणाला. मी ताप विचारला, तो नाही म्हणाला. वजन विचारलं नाही. पहिल्या भेटीत हलका शेक आणि ताण दिला, दुसऱ्या भेटीतही तेच. तिसऱ्यांदा त्याची बायको सोबत आली आणि म्हणाली, यांचा शर्ट बघा किती ढगळ झालाय. त्याच दिवशी जळगावला पाठवलं. मणक्याचा क्षय निघाला. सरकारी औषधं मोफत मिळाली, वर्षापेक्षा जास्त काळ चालली, आज तो कामावर जातो. पण ते दहा दिवस माझ्यामुळे गेले, आणि झटका दिला असता तर काय झालं असतं हा विचार अजून रात्री येतो. तेव्हापासून दवाखान्यात वजनकाटा आहे आणि प्रत्येकाचं वजन लिहिलं जातं. ‘पाठीला आणि काट्याचा काय संबंध’ असं कोणी विचारलं की मी ही हकीकत सांगतो.

मानेला झटका दिला तर लकवा होतो म्हणतात. खरं का?

फार क्वचित, पण भीती निराधार नाही. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. कधी कधी ती चीर आधीच पडलेली असते आणि तिचंच दुखणं घेऊन माणूस येतो. म्हणून अचानक, कधी नव्हे असं मान-डोकं दुखत असेल, सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलणं अडखळणं असेल, तर मी मानेला हात न लावता पाठवून देतो. एरवीही मान जोरात फिरवून झटका देणं मी बंद केलंय. सौम्य पद्धतींनी आणि व्यायामाने काम होतं, मग तो धोका कशाला?

आणि कळकळीने सांगतो, कटिंगच्या दुकानात दाढी झाल्यावर मान दोन्हीकडे मोडून घ्यायची सवय सोडा. करणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्याने तुमची मान तपासलेली नसते.

याचा खरंच उपयोग होतो का?

कंबरदुखीत होतो, मध्यम प्रमाणात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. डिसेंबर २०२३ मध्ये याच संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी जी शिफारस केली, तिच्यात शिक्षण, व्यायाम यांच्यासोबत मणक्यांवरचा हा हस्तोपचारही आहे, काही अटींसह. दमा, मधुमेह, रक्तदाब, मूल न होणं यांसाठी माझ्याकडे येऊ नका.

किती वेळा यावं लागेल?

नव्या उसणीला दोन-तीनदा. जुन्या दुखण्याला सहा आठवड्यांत पाच-सहा वेळा. चार भेटींत काहीच फरक नसेल तर मी स्वतःच दुसरीकडे पाठवतो. वर्षाचं पॅकेज मी विकत नाही.

काम सोडा म्हणाल, तर पोट कसं भरायचं?

काम सोडा असं मी म्हणतच नाही. पडून राहिल्याने कंबर आणखी ताठते. पण काम करायची पद्धत बदलता येते, आणि हे मला कुठल्याही कॉलेजात शिकवलेलं नाही, आपल्या शेतांत बघून शिकलो.

केळीचा घड वीस-पंचवीस किलोचा. कापणारे दिवसभर तो बागेतून ट्रॅक्टरपर्यंत वाहतात, ओल्या मातीतून. घड खाली ठेवताना कंबरेतून वळायचं नाही, पाय टाकून पूर्ण अंग वळवायचं. चुंबळ जाड हवी. आणि दर तासाला वाहणारा नि कापणारा यांनी अदलाबदल करायची. एका टोळीच्या मुकादमाला हे पटलं, त्याने लगेच सुरू केलं. बाकीच्यांना पटायला वेळ लागेल, मी बोलत राहतो.

कापूस वेचणाऱ्या बायांचं दुखणं वेगळं. मजुरी किलोवर, म्हणून ओटी जड झाली तरी रिकामी करायला जायचं जिवावर येतं. पुढे ओझं आणि वर वाकलेली पाठ. ओटी अर्धी भरली की रिकामी करा, आणि ओळीच्या टोकाला पोचलात की कंबरेवर हात ठेवून पाच वेळा मागे झुका. एवढंच सांगतो. दिवाळीनंतर माझ्याकडे याच बाया जास्त येतात. वैशाखात मात्र खांदे येतात. अखजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, आणि लग्नाचे मांडे! दोन्ही हातांवर पीठ पसरवत खापरावर टाकायचं, तासन् तास, आचेसमोर. मांडे करणाऱ्या मावशींना मी एकच विनंती करतो, चूल जरा उंच मांडा.

पुण्या-मुंबईला जास्त कमावला असतात. इथे का?

पुण्यात वर्षभर होतो. संगणकावर बसणाऱ्यांच्या माना बघितल्या, चांगलं काम होतं. पण सुट्टीत गावी आलो की आमच्याच ओट्यावर माणसं बसलेली असायची. आजी तेव्हा गेली होती, तरी लोक येत होते. त्यांना जळगाव-धुळ्याला जायला एक रोज बुडवावा लागतो, एसटीचं भाडं वेगळं. आणि कंबरदुखणं अहिराणीत सांगता आलं की माणूस पूर्ण सांगतो. ‘मन्ही कंबर भलती दुखस’ यानंतर जे येतं, ते प्रमाण मराठीत विचारल्यावर येत नाही, हे मी दोन्हीकडे अनुभवलंय.

मुलाला हे शिकवायचं आहे, काय करू?

आधी फिजिओथेरपी करू द्या. इथे नोंदणी त्याची होते, पोटापाण्याची सोय होते, आणि पाया पक्का होतो. त्यानंतरही ओढ राहिली तर परदेशातला पूर्ण वेळेचा अभ्यासक्रम. खर्च मोठा आहे. आमची एक एकर जमीन त्यात गेली, आणि वडिलांनी त्याबद्दल आजवर एक शब्द काढलेला नाही.

घरी येता का?

उठता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी येतो, संध्याकाळी सातनंतर.

दवाखाना कधी बंद असतो?

रविवारी दुपारनंतर. मे महिन्यात रोज बारा ते पाच, त्या उन्हात कंबर धरून मोटरसायकलवर येऊ नका. अखजीला दोन दिवस. आणि श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आमच्या घरी कानबाई देवी बसते, सोमवारी विसर्जन असतं. त्या दोन दिवसांत आलात तर दवाखान्यात नाही, घरी या. रोट खाऊन जा, कंबर मंगळवारी सकाळी आठला बघू.